मास्तरांना न विचारलेला प्रश्न

"पण मॅडम, रक्तात काही निघालंच नाही, तर तुम्ही सिफिलिसचं नाव घेता कसं?"

निशिकांत सुवर्णपदक मिळवून आलेला डॉक्टर. त्याचा आवाज चढला होता. डॉ. मालिनी तुंगारे ऐकत होत्या. जिल्ह्याच्या त्या रुग्णालयात पस्तीस वर्षं त्या रोगी तपासत आणि डॉक्टर घडवत आल्या होत्या.

आजारी होते दाभाडे मास्तर. शाळेत निशिकांतला चित्रकला त्यांनीच शिकवलेली. पाच वर्षं त्यांच्या पायांतून विजेसारख्या कळा जात होत्या. एका डॉक्टरने कंबरेचं दुखणं सांगितलं, दुसऱ्याने मधुमेहाचं. तिसऱ्याने तर पोटात कळा येतात म्हणून पित्ताशयच काढून टाकलं. कळा राहिल्या त्या राहिल्याच.

"मास्तरांना असला रोग? शक्यच नाही."

मालिनीबाई उठून त्याला घेऊन वॉर्डात गेल्या.

"वहिनी, जरा बाहेर बसता का?" त्या मास्तरांच्या पत्नीला म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "तोंड धुताना काय होतं?"

"डोळे मिटले की तोल जातो. परवा मोरीत पडलो."

बाईंनी टॉर्चचा झोत त्यांच्या डोळ्यांवर टाकला. बारीक बाहुल्या जराही हलल्या नाहीत.

मग स्वतःचं बोट हळूहळू त्यांच्या नाकाशी आणलं. बाहुल्या आकसल्या.

उजेडाला न हलणाऱ्या, पण जवळचं बघताना आकसणाऱ्या बाहुल्या ही जुन्या सिफिलिसची खूण, हे निशिकांतने पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं...

"मास्तर, लग्नाआधी कुणाशी संबंध आला होता?"

मास्तर चादरीकडे बघत बोलू लागले.

"परीक्षेला मुंबईला गेलो होतो... एकदाच. नंतर एक जखम झाली. दुखलीसुद्धा नाही. आपोआप भरली. वाटलं, गेलं." त्यांनी निशिकांतकडे पाहिलं. "तू विचारशील म्हणून रोज धास्ती वाटायची. तू विचारलंच नाहीस, बाळ."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "जुन्या रोगात रक्ताची ती साधी तपासणी कधी कधी काहीच दाखवत नाही. दुसरी पाठव. पाठीतलं पाणीही काढ."

तीन दिवसांनी दोन्ही अहवाल आले. रोग तोच होता.

"बरे होतील?"

"पेनिसिलिनने रोग थांबेल. पायांचं... बघू."

"आणि वहिनी?"

"त्यांचंही रक्त तपासावं लागेल. मास्तर त्यांना आज सांगणार आहेत. मी जवळ बसेन."

निशिकांत भिंतीला टेकला.

"इतकी वर्षं मी कुणाच्या पाया पडत होतो, मॅडम? मला काही कळेनासं झालंय. मास्तर खरे कोण? हे, की शाळेतले ते?"

मालिनीबाईंनी केसपेपर त्याच्या हातात दिला.

"पेनिसिलिन सोसतं का, ते विचारलंस त्यांना?"