चाळीस घोडे आणि एक दिवा

सोनकेवाडी नावाचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं, आणि त्या गावात हणमंत कुराडे नावाचा एक किराणा दुकानदार राहत होता. तराजूत चोख, बोलायला गोड, म्हाताऱ्या बापाला जपणारा. खोट म्हणावी तर एकच. दुसऱ्याकडे मोठं काही दिसलं की स्वतःकडे असलेलं त्याला एकदम लहान वाटायला लागे.

त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. इंजिन छोटं, आठ घोड्यांच्या ताकदीचं. तिच्यावर तो बाजारातून साखरेचं पोतं आणायचा, बायकोला माहेरी पोचवायचा, वडिलांना दवाखान्यात न्यायचा. गाडीनं कधी वाटेत दगा दिला नव्हता. पण एकदा तालुक्याला कुणाचा तरी पाहुणा मोठी, धडधडणारी गाडी घेऊन आला, बघ्यांचं कोंडाळं जमलं, आणि तेव्हापासून हणमंताच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

शेवटी तशीच गाडी त्याच्या दारात आली. चाळीस घोड्यांची ताकद आहे, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. हणमंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा थाटात सांगे, जणू घोडे त्यानं स्वतः मोजून गोठ्यात बांधले होते. जुनी गाडी त्यानं चुलतभाऊ पिराजीला देऊन टाकली.

खरं सांगायचं तर त्या चाळीस घोड्यांना सोनकेवाडीत उधळायला रानच नव्हतं. घरातून निघालं की म्हशी, मग शाळेपुढचा गतिरोधक, मग खड्डे, मग खिंडीतली वळणं, आणि खिंड उतरून गेलं की बाजारची गर्दी. गाडीचा वरचा गिअर वर्षभरात दोन-चारदाच पडला असेल. पण हौसेला मोल नसतं, आणि हौस जोवर दुसऱ्याला भोवत नाही तोवर तिला नावंही ठेवू नयेत. ती भोवली नवरात्रात.

खिंडीपलीकडच्या डोंगरावर उजळाई देवीचं ठाणं होतं. घट बसायच्या दिवशी सकाळी तिथून ज्योत आणायची आणि तिच्यावर गावातल्या देवळातली समई लावायची, ही सोनकेवाडीची जुनी चाल. ज्योत म्हणजे मातीच्या मडक्यात तेवणारा तेलाचा दिवा. मडक्याचं तोंड झाकायचं नाही, देवीचा जीव कोंडतो म्हणून. वाटेत दिवा विझलाच, तर परत डोंगरावर जाऊन तो पुन्हा लावून घ्यायचा. पण अशी सवलत एकदाच. आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत दिवा गावात आला नाही, तर ज्योतीचा मान त्या घरातून जायचा तो कायमचा.

हा मान कुराड्यांच्या घरात होता. हणमंताचे वडील आप्पा तरुणपणी अनवाणी चालत दिवा आणायचे. पुढे गुडघे धरले, तेव्हा ते मडकं मांडीवर घेऊन मोटारसायकलवर मागे बसू लागले आणि हणमंत गाडी हाकू लागला. जुन्या गाडीवर ते दोघं इतक्या सावकाश येत की वाटेतल्या बायाबापड्या चालता चालता मडक्याला हात लावून नमस्कार करीत. आप्पांच्या हातून दिवा कधी विझला नव्हता. गावात त्यांना बाकी कशासाठी नाही, तरी एवढ्यासाठी सगळे मानत.

त्या वर्षी आप्पांनी आदल्या दिवशीच सुचवून पाहिलं, की पिराजीकडून जुनी गाडी मागून घेऊ. हणमंताला ते लागलं. दारात एवढी गाडी उभी असताना दिवा त्या खटाऱ्यावर आणायचा, लोक काय म्हणतील? त्यानं आप्पांना हिशेब समजावला. जुन्या गाडीला वाटेत फार वेळ लागतो. नवी गाडी निम्म्या वेळात येईल. दिवा जितका कमी वेळ वाटेवर, तितकी विझायची भीती कमी.

ऐकायला हे पटण्यासारखं होतं. पण आप्पा म्हणाले, "लेकरा, दिवा येळंला भीत न्हाई. वाऱ्याला भितो."

हणमंत हसला. म्हातारी माणसं असं काहीतरी बोलायचीच, असं त्याला वाटलं.

सकाळी त्यानं गाडी धुतली, पुढच्या दिव्याला झेंडूची माळ घातली आणि आप्पांना मागे बसवलं. मागची सीट उंच आणि तोकडी होती. माळ्यावर चढावं तसे आप्पा चढले. पिराजी जुनी गाडी घेऊन सोबत निघाला, तेल, वाती आणि नारळाची पिशवी घेऊन. पिराजी तोंडात तंबाखू आणि जिभेवर बाता असलेला गडी. नव्या गाडीवरून त्याची नजर हटत नव्हती. हणमंतानं त्याला हसत सांगितलं, की तू आपला संध्याकाळपर्यंत ये, घाई नाही.

उजळाईच्या देवळात गुरवानं दिवा लावून मडकं आप्पांच्या मांडीवर दिलं. डोंगर उतरल्यावर बाजाराकडे न वळता खिंडीपर्यंत सरळ, मोकळा रस्ता होता. हणमंताच्या मनात आलं, की घोडे सोडायचे ते इथंच. त्यानं मूठ पिळली. गाडी अशी झेपावली की आप्पा मागच्या मागे कलले. त्यांनी एका हातानं मडकं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं मुलाच्या पाठीवर थापा मारल्या. हणमंताला वाटलं, बाप शाबासकी देतोय. त्यानं मूठ आणखी पिळली.

खिंडीअलीकडच्या पुलापाशी मात्र आप्पांचा आवाज कानाशी आला. "थांब हणमा. गेला."

हणमंतानं गाडी थांबवून मागे पाहिलं. मडक्यात वातीचा धूर होता, आणि आप्पांचा चेहरा असा झाला होता की हणमंताला तिकडे बघवेना. आयुष्यभरात जे घडलं नव्हतं ते त्याच्या एका पिळ्यानं घडलं होतं. दोघं मागे वळले. वाटेत पिराजी समोरून येताना भेटला आणि काही विसरलं का, म्हणून त्यानं सरळ मनानं विचारलं. हणमंतानं गाडी थांबवली नाही, तेव्हा पिराजीही वळून त्यांच्या मागोमाग डोंगरावर गेला.

गुरवानं विझलेलं मडकं बघितलं. दुसऱ्यांदा दिवा लावून दिला आणि एवढंच म्हणाला, की आता जपून.

आता हणमंत इतका जपून निघाला, की वाऱ्याचं भय उरलं नाही. पण मोठ्या गाडीला हळू चालणं ठाऊकच नव्हतं. पहिल्या गिअरमध्येही ती पुढे ओढायची. आवरावं तर हिसके द्यायची, आणि प्रत्येक हिसक्याला मडक्यातलं तेल डुचमळून वात बुडायला बघायची. खिंड लागली. पुढे माणसांनी भरलेली एक जीप धापा टाकत चढत होती, आणि अरुंद रस्त्यावर तिच्या पुढे जायला वाव नव्हता. हणमंत अर्धा क्लच दाबून तिच्यामागे रांगत राहिला. इंजिन तापलं. त्याची धग थेट आप्पांच्या पोटरीला लागत होती, पण मडकं दोन्ही हातांत असल्यामुळे त्यांना पाय हलवता येईना. मडक्यावरची नजरही त्यांनी काढली नाही.

मधल्या मोठ्या वळणावर जळका वास सुटला, वेग दाखवणाऱ्या काट्यापाशी धोक्याचा तांबडा दिवा लागला आणि गाडी एक गचका देऊन बंद पडली. मडक्यातली ज्योत आक्रसून मण्याएवढी झाली. आप्पांनी श्वास रोखला. मग ती हळूहळू पुन्हा उभी राहिली.

हणमंतानं गाडी कडेला करंजाच्या झाडाखाली लावली आणि आप्पांना धरून उतरवलं. धोतराचा काठ काळा पडला होता आणि पोटरीवर लाल चट्टा उठला होता. ते बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभाळात सूर्य चांगलाच वर आला होता. गाडी थंड होईपर्यंत थांबावं तर वेळ जाणार, आणि पुन्हा सुरू केली तरी ती असेच हिसके देणार. खाली गावात वेशीवर आंब्याची तोरणं लागली होती. हलगीवाले तयार होते. नव्या गाडीवर ज्योत येणार, म्हणून त्यानंच चार दिवस गावभर सांगितलं होतं.

एवढ्यात टरटर आवाज करत पिराजी वळणावर आला. आठ घोड्यांची जुनी गाडी चढ चढत होती आणि तंबाखूची पिंक टाकायला तो मध्ये थांबूनही आला होता. त्यानं सगळा प्रकार पाहिला आणि लगेच तोड काढली. हणमंतदादानं ही गाडी घ्यावी आणि आप्पांना घेऊन पुढे जावं. मोठी गाडी थंड झाली की आपण मागून आणू. हे सांगताना त्याचा हात मोठ्या गाडीच्या टाकीवरून फिरायलाही लागला होता.

हणमंत क्षणभर मोहात पडला. गाडी मोठी नसली तरी वेशीतून दिवा घेऊन जाणारा तोच दिसला असता. मग त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. वर्षभरात जुन्या गाडीचा क्लच त्याच्या बोटांना परका झाला होता, आणि तिसऱ्यांदा दिवा मिळणार नव्हता.

"न्हाई पिराजी," तो म्हणाला. "आज तुझा हात बसलाय तिच्यावर. आप्पांस्नी तू ने. मी चालत येतो."

त्यानं आप्पांना जुन्या गाडीवर बसवलं. सीट ठेंगणी होती. आप्पांचे पाय नीट टेकले आणि मडकं मांडीवर स्थिर झालं. पिराजीनं, बाता विसरून, गाडी अलगद सोडली. वळणाआड जाईपर्यंत हणमंत बघत राहिला. ज्योत हलत होती, पण वाकत नव्हती.

मग तो उरलेला चढ चढून उतरणीनं गावाकडे चालत निघाला. वाटेत हलगी ऐकू आली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवा पोचल्याचा आनंद होता, आणि आपण तिथे नाही याचं दुःखही होतं. दोन्ही खोटं नव्हतं.

वेशीत एक-दोघांनी खवचटपणे विचारलंच, की नवी गाडी कुठं आहे. त्यानं सांगितलं, "खिंडीत थंड हुतीया. दिवा आला न्हवं?" आणि तो देवळाकडे वळला.

देवळापुढे माणसं दाटली होती. आप्पा पायरीवर बसले होते आणि मडकं अजून त्यांच्या मांडीवरच होतं. पुजारी घाई करत होते, सूर्य माथ्यावर यायला आला म्हणत होते. पण आप्पांनी त्यांना सांगितलं होतं, की माझा ल्योक चालत येतोय, तेवढी येळ हाय.

हणमंत आला आणि बापासमोर मान खाली घालून उभा राहिला. आप्पांनी मडकं त्याच्या हातात दिलं.

"धर. आत ने. फुडल्या वर्सापासनं मडकं घिऊन मागं तू बसायचं."

हणमंत मडकं धरून तिथंच थांबला. "आप्पा, आज माझ्यामुळं दिवा इझला."

"इझला. म्हायीत हाय मला," आप्पा म्हणाले. "पन दुसऱ्यांदा इझायच्या आदी तू खाली उतरलास. गाडी हाकनारं लई हायती बाबा. उतरनारं थोडं."

हणमंत मडकं घेऊन देवळात गेला. त्यानं आयुष्यात उचललेलं हे सगळ्यात हलकं ओझं होतं, आणि ते उचलून तो इतका हळू चालला की मागच्यांना थांबावं लागलं.

पुढे यथावकाश त्यानं मोठी गाडी बदलली. या खेपेला दुकानात गेल्यावर गाडीत किती घोडे आहेत, हे त्यानं विचारलं नाही. आप्पांना मागच्या सीटवर बसवलं आणि विचारलं, "पाय टेकत्यात का?"

तात्पर्य: ताकद किती घ्यायची हे वाटेला आणि सोबतच्या माणसाला विचारून ठरवावं, आणि जी ताकद आपल्याला हळू चालू देत नाही, तिच्यावरून वेळेवर उतरता यावं.