बाळंतिणीचे पाणी

निवांत महाराजांनी बोरजाळीत मुक्काम ठेवला तो विहिरीजवळच्या मारुतीच्या पायरीवर. गावाने त्यांना देवळात बोलावले, तर महाराज म्हणाले, "आत देव आहेत, त्यांना अडचण नको." ते अंगारा देत नसत, भविष्य सांगत नसत, कुणाकडून पाय चेपून घेत नसत. त्यामुळे ते साधू आहेत यावर गावातल्या शहाण्या माणसांचा विश्वास नव्हता.

या शहाण्यांचे मुकुटमणी म्हणजे त्र्यंबकशास्त्री. वैद्यकी त्यांची, पंचांग त्यांचे, आणि दोन्हींत चूक निघाली तर ती रोग्याची. त्यांचा एकुलता मुलगा तिसऱ्यांदा बोहल्यावर चढला होता. पहिल्या दोन सुना घरातल्या बाळंतिणीच्या खोलीतून आठवड्याच्या आत आडव्या बाहेर आल्या. शास्त्रीबुवांनी दोन्ही वेळा एकच निदान केले होते: आयुष्य तेवढेच होते.

तिसरी सून उमा, वय वर्षे सतरा. ऐन चैत्रात तिला मुलगी झाली. सोडवायला होती हौसा, गावकुसाबाहेरची सुईण. निम्मे गाव हौसाच्या हातावर जन्मले होते, आणि तिच्या हातचे पाणी मात्र कुणाला चालत नव्हते.

शास्त्रीबुवांच्या घरची रीत कडक. खिडकी बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि पाच दिवस पाणी वर्ज्य. पाण्याने बाळंतिणीला वात होतो, पोट सुटते, असे त्यांच्या ग्रंथात होते. तोंड फारच कोरडे पडले तर एक लवंग.

तिसऱ्या दिवशी उमाच्या अंगात ताप भडकला. दूध आटले, ओठांना चिरा पडल्या. रडून रडून पोरीचाही आवाज बसला. सकाळी हौसा शेकायला गेली तेव्हा उमाने तिचे मनगट धरले.

"मावशी, थेंबभर."

असे मनगट धरलेले हौसाने त्या खोलीत यापूर्वी दोनदा पाहिले होते. दोन्ही वेळा ती मान खाली घालून घरी गेली होती. या वेळी ती सरळ ओसरीसमोर जाऊन उभी राहिली.

"शास्त्रीबाबा, सूनबाईला पानी द्या. उकळून, कोमट करून द्या. न्हाईतर ही बी जाती."

ओसरीवर गावातले चौघे पान लावत बसले होते. शास्त्रीबुवांनी त्यांच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "ऐका! आता सुईणी वैद्यकी शिकवणार. हौसे, तू नाळ काप. शास्त्र कापू नकोस."

"मंग मी आणू का? माझ्या घरचं?"

चौघे इतके हसले की एकाला ठसका लागला. त्याच्यासाठी आतून लगेच तांब्याभर पाणी आले.

"तुझ्या घरचं पाणी! देह जायचा तर जाईल, वर धर्मही बुडवतेस?" शास्त्रीबुवा म्हणाले. "चल, नीघ. आणि त्या पायरीवरच्या बुवाला सांग, म्हणावं एखादा मंत्र टाक. फुकटच्या भाकरी मोडतोय."

हौसा महाराजांपुढे आली आणि नेहमीसारखी चार हात लांब बसली. सांगता सांगता तिला रडू फुटले. महाराज डोळे मिटून ऐकत होते.

"किती दिवस बंद आहे पाणी?"

"पाच दिस, बाबा. आज तिसरा. उद्याचा तिला दिसायचा न्हाई."

"आणि शास्त्रीबुवांचं म्हणणं, पाण्यावाचून माणसाचं चालतं?"

"तसंच म्हणत्यात."

"बरं," महाराज म्हणाले. "गावाचे वैद्य तेच. गावाने त्यांचं ऐकावं."

बाबांनीही हात झटकले, असे हौसाला वाटले. ती उठते आहे तोच विहिरीवर बायकांचा गलका झाला.

घागर रिकामी आली होती. खाली पाणी तर दिसत होते, हलत होते. घागर बुडाल्याचा आवाज येई, दोर हाताला जड लागे, आणि काठावर आली की घागर आतून ठणठणीत कोरडी! बायका घरी धावल्या, तर रांजणांच्या तळाशी नुसती धूळ. काय ही लीला!

शास्त्रीबुवांनी वरुणाचा कोप झाल्याचे जाहीर केले आणि अनुष्ठानाला बसले. आचमनाला पळीभर पाणी हवे होते. अनुष्ठान तिथेच थांबले.

पाणी होते ते फक्त हौसाच्या वस्तीतल्या आडाला. दुपारी आयाबाया पोरांना पदराखाली घेऊन तिकडे जाऊन आल्या. ते कुणीच पाहिले नाही, असे गावाने एकमताने ठरवले. बाप्ये मात्र धर्म सांभाळून सावलीत पडून राहिले.

तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबुवा पायरीशी आले. जीभ टाळूला चिकटली होती.

"बुवा, काय हा चाळा? माणसं मरतील!"

"कशानं मरतील, शास्त्रीबुवा? उलट वात होणार नाही. तोंडात लवंग धरा."

"लवंगेनं काय होतंय!" शास्त्रीबुवा ओरडले. आणि आपलेच शब्द ऐकून एकदम थांबले.

मग ते हळूच म्हणाले, "ग्रंथात लिहिलंय, महाराज."

"लिहिणारा बाळंत झाला होता का?"

महाराज पुढे म्हणाले, "तुम्हाला सकाळपासून पाणी नाही. ताप नाही, खाली शेगडी नाही, अंगावर पिणारं लेकरू नाही. तिचा आज तिसरा दिवस."

शास्त्रीबुवांनी तिथेच बसून असलेल्या हौसाकडे तोंड वळवले. "हौसे... हौसाबाई, तुझ्याकडे पाणी आहे?"

"हाय."

"दे तिला."

हौसा धावली. पाणी उकळून निवेपर्यंतचा वेळ तिला जन्माएवढा वाटला. खोलीत शिरताच तिने आधी शेगडी बाहेर ओढली, खिडकी उघडली. कुणी तिला अडवले नाही. तिने फडक्याचे टोक भिजवून उमाच्या तोंडात पिळले. पहिले थेंब ओठांच्या कडेने बाहेर ओघळले. दुसरेही ओघळले.

"गीळ गं माझे बाये," हौसा म्हणाली. "माझ्यासाठी गीळ."

तिसऱ्या वेळी उमाचा गळा हलला. आणि त्याच क्षणी विहिरीवर आरोळी उठली: घागर भरून आली! गाव तिकडे धावले. धन्य ते महाराज! हौसाने मात्र वळूनही पाहिले नाही. ती थेंब पिळत राहिली. दिवेलागणीला उमाच्या कपाळावर घाम फुटला, आणि पोरीला ओढण्यापुरते दूध आले.

तिकडे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले होते. ते उचलवत नव्हते. शेवटी खालूनच त्यांनी विचारले, "महाराज, आधीच्या दोघी... त्यांचं आयुष्य तेवढंच होतं ना?"

महाराज म्हणाले, "त्यांना तहान लागली होती."

एवढेच. शास्त्रीबुवा उठले. घरी आले ते थेट बाळंतिणीच्या खोलीशी, जिथे त्या घरातला पुरुष कधी फिरकला नव्हता. विटाळ, सोवळे, सगळे विसरून त्यांनी उंबऱ्यावर लोटांगण घातले आणि ते तसेच पडून राहिले.

हौसा तांब्या घेऊन आतून आली. वाटेत शास्त्रीबुवा आडवे.

"बाबा, वाईच सरका," ती म्हणाली. "तिनं आनखी मागितलंय."

शास्त्रीबुवा सरकले.