तिसरा पेला

फार फार पूर्वी, आगबोटीचा धूर अजून समुद्राने पाहिला नव्हता त्या काळात, कोकणातल्या एका बंदरात एक हबशी शेठ राहत होता. विशीत असताना तो समुद्रापलीकडच्या आपल्या डोंगराळ मुलखातून खलाशी होऊन आला. अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नाही, भाषा येत नाही. उपाशीपोटी धक्क्यावर बसलेला पाहून एका कोळणीने, कोण कुठला हेही न विचारता, त्याच्यापुढे पेजेची वाटी ठेवली.

तो तिथेच हमाल झाला. पण नाक मोठं तिखट! नुसत्या वासावरून गोणीतला माल कोरडा की दमट हे सांगायचा, आणि माल मालकाचा असला तरी दमटाला कोरडा म्हणायचा नाही. असा माणूस व्यापारात बुडतो, असं शहाणे म्हणतात. हा तरला. हमालाचा मुकादम झाला, मुकादमाचा शेठ झाला, आणि पन्नाशीला आला तेव्हा त्याची बारा गलबतं समुद्रात फिरत होती.

एवढं असून त्याच्या घरी एक गोष्ट अर्धवट राहायची. त्याच्या मुलखात पाहुण्याला कॉफीचे तीन पेले देतात. तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं. पण घर सोडताना सोबतचे लोक पुढे निघाले, म्हणून हा दोनच पेले पिऊन उठला होता. आई उंबऱ्यातून म्हणाली होती, "तिसरा राहिला रे! तो प्यायला ये."

आईच्या हातचा मिळेपर्यंत आपल्या घरात तिसरा पेला भरायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं. पाहुणा कितीही मोठा असो, दुसऱ्या पेल्यानंतर शेठ सुरई बाजूला ठेवायचा. लोक थट्टा करायचे, "बारा गलबतांचा धनी, आणि कॉफीला हात आखडता!" शेठही हसायचा, पण आत तुटायचं.

दरवर्षी पौषात वारं फिरलं की गलबतं त्याच्या मुलखाकडे निघायची. दरवर्षी शेठ म्हणायचा, "पुढच्या साली नक्की." एकदा गोदाम बांधायचं होतं, एकदा नवं गलबत पाण्यात उतरायचं होतं. अशी तीस वर्षं गेली.

एका पौषात मात्र त्याने खरंच सामान चढवलं. फळीवर पाऊल ठेवलं, तोच बंदरातले व्यापारी धावत आले.

"शेठ, नगरशेठची पगडी तुम्हाला द्यायचं ठरलंय! माघात मुहूर्त आहे. बाहेरून आलेल्या माणसाला हा मान आजवर मिळालेला नाही!"

तोवर गलबत थांबणार नव्हतं. शेठने समुद्राकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं. गलबताच्या तांडेलाला तो म्हणाला, "तू स्वतः डोंगर चढून आईकडे जा. सांग, पुढच्या साली नक्की."

पावसाच्या तोंडावर गलबत परतलं. नव्या पगडीतला शेठ तांडेलाला घरी घेऊन गेला. स्वतः कॉफी केली. दोन पेले झाले, शेठने सुरई बाजूला ठेवली.

"शेठ, आज तिसरा भरा."

"तिसरा आईच्या हातचा. तुला ठाऊक आहे ना?"

"तो मी पिऊन आलो, शेठ."

तांडेल सांगू लागला, "म्हातारीला दिसत नव्हतं. तुमचं नाव घेतलं तशी तिने माझा चेहरा चाचपला. तीन पेले दिले. मी म्हटलं, 'हा तिसरा तुमच्या लेकाचा.' तर म्हणाली, 'तो गेला त्या दिवसापासून त्याचा पेला मी वाटेवरच्या परक्याला देते. म्हणजे तिकडे कुणीतरी माझ्या पोराच्या तोंडात घास घालेल.' तिसऱ्या दिवशी ती गेली. खांदा मी दिला."

शेठला पेजेची वाटी आठवली. तीस वर्षं आई त्याचा पेला परक्यांना देत होती, आणि तो आपल्या दारातून माणसांना आशीर्वादाविनाच वाटेला लावत होता. त्याने पगडी काढून ठेवली आणि लहान मुलासारखा रडला. मग तांडेलाचा तिसरा पेला भरला.

त्यानंतर त्या घरातून कुणी तिसऱ्या पेल्याशिवाय उठलं नाही. पौष आला की शेठ धक्क्यावर जायचा. परमुलखातला कुणी खलाशी, कुणी हमाल "पुढच्या साली जाईन" म्हणाला, तर त्याचं गाठोडं स्वतः उचलून गलबतात ठेवायचा. स्वतःसाठी मात्र त्याने तिसरा पेला कधीच भरला नाही.

तात्पर्य: परतीचं वारं दरवर्षी वाहतं, वाट पाहणारं माणूस दरवर्षी असतंच असं नाही.