उंच भिंत आणि तिचा टेकू

घाटात नवा रस्ता झाला, त्या काळची गोष्ट. डोंगराची माती अडवून एक उंच भिंत उभी होती. तिला पुढून एका दगडी टेकूचा आधार होता. डोंगरात मुरलेलं पाणी भिंतीच्या भोकांतून पाझरायचं. पायथ्याच्या घरातली अनसूयाकाकू धुणं वाळत घालताना म्हणायची, "ही बाई बारा महिने रडकी."

भिंतीला ते लागलं. शेवाळाला सांगून तिनं सगळी भोकं बुजवून घेतली.

"आता कशी दिसते?" तिनं टेकूला विचारलं.

"देखणी दिसतेस," टेकू म्हणाला.

पण दिवसागणिक त्याच्यावरचा भार वाढला. त्याचे सांधे उकलू लागले.

"कंटाळलास का रे मला?"

"थकलोय गं. मातीचं ओझं मी जन्मभर पेलीन, त्यासाठीच मला बांधलंय. पण तू मागे साठवलेलं पाणी मला पेलवत नाही. मी कोसळलो की तूही जाशील, आणि खाली काकूचं घर आहे."

भिंत म्हणाली, "लोक पुन्हा रडकी म्हणतील."

"म्हणू देत."

सकाळी खालच्या भोकातलं शेवाळ निसटलं आणि पाण्याची धार लागली.

"लागली पुन्हा रडायला," काकू म्हणाली. तिनं धुण्याची दोरी जरा पलीकडे बांधली आणि धारेखाली बादली ठेवली.