सूर्याला फुटलेलं रक्त

एका राजधानीत एक दरबारी चित्रकार होता. कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करायची त्याच्या गुरूंना सवय होती. पिवळ्या रंगासाठी ते हरताळाचा खडा कुटून वापरत. हरताळ म्हणजे जहर. गुरू त्यातच गेले. तेव्हापासून हरताळाची पुडी नुसती पाहिली तरी शिष्याला घाम फुटे.

राजाने सिंहासनामागच्या फळीवर सूर्य काढायला सांगितला. भीती वाटते, हे राजाला सांगायचीही चित्रकाराला भीती वाटली. त्याने पुडी गुपचूप पुरली, घरची हळद डिंकात खलली आणि सूर्य रंगवला. दरबाराने वाहवा केली. दरबार त्यासाठीच असतो.

दिवाळीआधी एक म्हातारी भिंतींना चुना देऊन गेली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो सूर्यावर लालभडक थेंब!

"सूर्याला रक्त फुटलं!" राजज्योतिषी किंचाळला. राजा पांढराफटक पडला. म्हातारीला दोरीने बांधून आणलं.

"चेटकीण आहे," प्रधान म्हणाला. "कड्यावरून लोटा."

"अहो, चेटूक येत असतं तर या वयात शिडीवर चढले असते का?" म्हातारी म्हणाली.

चित्रकाराने ते थेंब ओळखले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक होतं. पण दरबारात स्वयंपाकघर पाहिलेलं कुणी नव्हतं. गप्प बसलं तर म्हातारी जाणार, बोललं तर आपण. तो गप्प बसला.

शिपाई तिला ओढू लागले. चुन्याने फुटलेल्या तिच्या टाचा फरशीवर घासत चालल्या.

"थांबा!" चित्रकार ओरडला. "ती हळद आहे, महाराज. मी हरताळ वापरलाच नाही."

"हिला वाचवायला थापा मारतोस?" राजा म्हणाला. "चाटून दाखव."

सिंहासनामागे जाऊन त्याने सूर्य चाटला. तो पडण्याची दरबार बराच वेळ वाट पाहत होता. तो पडला नाही. जीभ तेवढी पिवळी झाली.

"मी हेच म्हणत होतो," ज्योतिषी म्हणाला.

राजाने म्हातारीला सोडलं आणि चित्रकाराला वर्षभर तिच्या हाताखाली चुना द्यायला लावलं.

शिडीवरून म्हातारीने विचारलं, "पण काय रे बाबा, कुंचल्याचं टोक ओठांऐवजी बोटांनी काढलं असतं तर?"

चित्रकाराने हातातल्या कुंचल्याचं टोक बोटांनी ओढून पाहिलं. हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तात्पर्य: भीती वाटली तर वेळेवर सांगावी; लपवली की तिची शिक्षा बहुधा गरिबाला होते.