आबासाहेबांच्या मापाचं दार

एका तालुक्याच्या गावी एक भोळा ड्राफ्ट्समन होता. नाव मार्तंड. कॉम्प्युटरवर नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा बाणा. स्वतःचं डोकं त्याने कधी मध्ये आणलं नाही.

त्या वर्षी गावात नवं वाचनालय बांधायचं ठरलं. काम मिळालं मार्तंडच्या मालकीणबाईंना, आर्किटेक्ट इनामदारबाईंना. समितीचे अध्यक्ष आबासाहेब, उंची सव्वासहा फूट. जुन्या वाचनालयाच्या बुटक्या दारावर आपटून आपटून त्यांच्या कपाळावर कायमचं टेंगूळ आलं होतं. ते म्हणाले, "बाई, बाकी काय हवं ते करा. पण दारात मला वाकायला लागलं, तर या गावात पुढचं एकही काम तुम्हाला नाही."

भिंतीवर लावायचे देणगीदारांचे फोटो बाईंनी नकाशातच बसवले. कडेचा नको तो भाग कापून लपवला. म्हणाल्या, "मार्तंड, सगळ्या फोटोंची मापं काढणारं स्क्रिप्ट लिही आणि यादी फ्रेमांसाठी सुताराला दे."

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूम. मार्तंडने लिहिला. कॉम्प्युटरही त्याच्याच वळणाचा. लपवलेल्या भागासकट त्याने अख्खे फोटो मोजले. सुतार मार्तंडचा मेहुणा. तोही त्याच वळणाचा. देणगीदार काशीबाईंचा फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला होता. फ्रेम आली सगळ्या वऱ्हाडाच्या मापाची. कोपऱ्यात एकट्या काशीबाई.

"अरे, लपवलेलं कशाला मोजतोस?" बाई म्हणाल्या. "दिसतं तेवढंच मोज!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी जुन्या वाचनालयातलं पुस्तकांचं कपाट मोजायचं होतं. निम्म्या कपाटापुढे सतरंज्यांचा ढीग. मार्तंडने दिसलं तेवढं मोजलं. त्या मापाने भिंतीत कोनाडा झाला. कोनाडा निम्म्या कपाटाचा, अख्खं कपाट बाहेरच.

"झाकलेलं आधी उघडं करावं रे, मग मोजावं!"

"बरं बाई."

मार्तंड ऑफिसात गेला आणि नकाशातल्या सगळ्या फोटोंचे लपवलेले भाग उघडे करून आला. संध्याकाळी समितीसमोर नकाशा पडद्यावर लागला. खजिनदार भाऊकाकांचा गंभीर चेहरा, आणि त्याच्या खाली हातात जिलब्यांचं ताट. भाऊकाकांना मधुमेह. काकू शेजारीच बसलेल्या.

"गोड सोडून सहा वर्षं झाली ना हो?" काकूंनी विचारलं. काकांना एकदम खोकला आला.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मार्तंड, माणूस जेवढं दाखवतो तेवढंच धरावं! बाकीचं नाहीच असं समजावं!"

"बरं बाई." हे मात्र त्याला फार पटलं. त्याने वहीत लिहून ठेवलं.

आता राहिलं दार. बाई चार दिवस परगावी निघाल्या होत्या. जाताना त्यांनी बजावलं, "आबासाहेबांचा फोटो काढ. नकाशात दाराशेजारी खऱ्या मापाने बसव. स्क्रिप्ट उंची सांगेल, त्याहून चार बोटं उंच दार कर. माझी अब्रू तुझ्या हातात आहे रे बाबा."

मार्तंड गेला. आबासाहेब फेटा बांधून टेबलामागे पेपर वाचत बसले होते. "काढ की फोटो," म्हणाले, पण उठले नाहीत. मार्तंडने फोटो काढला, नकाशात बसवला, टेबल कापून लपवलं. स्क्रिप्ट आता त्याने सुधारलं होतं. दिसतं तेवढंच मोजलं, फेट्यासकट पावणेतीन फूट. वर चार बोटं. मेहुण्याने दार केलं, गवंड्याने बसवलं. कुणी काही विचारलं नाही.

रविवारी उद्घाटन. दारावर रेशमी पडदा, पुढे बँड. बाई एसटीतून उतरून थेट तिथेच आलेल्या. आबासाहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

तीन फुटांचं दार. सुबक, पितळी कडीचं. बँड थांबला.

"हे काय?" आबासाहेब गरजले. "मला वाकायला लागणार नाही, असं ठरलं होतं!"

"नाहीच लागणार, साहेब," मार्तंड पुढे होऊन अदबीने म्हणाला. "टेबलाखालचं तुम्ही दाखवलंच नव्हतं. तेवढं बाहेर ठेवा, आणि ताठ मानेने आत या."