पाटीची मजुरी

फार पूर्वीची गोष्ट. राजाला गादीवर बसून बारा वर्षे झाली होती. वैशाख वद्य लागला होता, आणि दुष्काळाचे ते दुसरे वर्ष होते.

राजाने तलावाची पाळ बांधायला काढली. जो राबेल त्याला कोठारातून जोंधळा मिळेल, अशी दवंडी पिटवली. राजाचा हेतू चांगला होता. नुसत्या हेतूने पोट भरत नाही.

पुरुष कुदळीने माती खणत. बायका ती पाटीत भरून पाळीवर नेऊन टाकत. बाईने कुदळीला हात लावला तर पाऊस रुसतो, असे तिथले लोक मानत. संध्याकाळी मुकादम कुदळी मोजायचा आणि कुदळीमागे शेरभर जोंधळा द्यायचा. पाट्या कोणी मोजत नसे.

तिथे एक विधवा होती. पदरी एक लहान मुलगी. ती दिराच्या कुदळीमागे पाटी वाही. दीर जोंधळा घेऊन आपल्या घरी जाई.

एकदा ती म्हणाली, "भावजी, पसाभर तरी द्या. पोरगी सकाळपासून पाण्यावर आहे."

"वहिनी, माझ्या घरात खाणारी तोंडं कमी आहेत का?"

ती मुकादमाकडे गेली. "पाटीला काहीच नाही का, दादा?"

"कुदळीला दिलं म्हणजे पाटीला पोचलं. घर एकच ना?"

"माझ्या घरची कुदळ मसणात गेली."

"मग दुसरी बघ," मुकादम म्हणाला. भोवतीचे पुरुष हसले. दीरही हसला.

कोठार रिते होत होते, तरी बायकापोरे मरत होती. हे राजाच्या कानी गेले. त्याने प्रधानाला चौकशीला पाठवले. प्रधान मुकादमाच्या राहुटीत बसला, ताक प्याला, कुदळी आणि जोंधळा यांचा मेळ घातला आणि परतला.

"महाराज, दाणाही इकडचा तिकडे नाही. घरोघर धान्य पोचते आहे."

तो एकाही घरात शिरला नव्हता.

त्याच आठवड्यात मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी विधवा कामावर आली. तिने पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. तिला पाहून बाकीच्या बायकाही बसल्या. पुरुष खणत राहिले. खणलेली माती खड्ड्यातच साचली. पाळ वीतभरही चढली नाही, आणि आभाळात ढग दिसू लागले.

राजा स्वतः आला. "इतकी माती खणली, मग पाळ का नाही?"

विधवा उठली नाही. "माती आपल्या पायांनी चालत नाही, महाराज. आम्ही नेतो."

"तुम्हाला धान्य मिळत नाही?"

"घराला मिळतं."

राजाने प्रधानाकडे पाहिले.

हुकूम सुटला. पाटीला कुदळीइतकेच धान्य, ज्या बाईचे तिच्याच पदरात, आणि तेही पहिल्या दिवसापासूनचे.

लहानथोरांनो, बोध इथेच ऐकून घ्या: घराच्या नावाने दिलेला घास घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी जात नाही; जो राबतो, त्याच्याच हातात तो द्यावा.

मुकादम पोते घेऊन विधवेच्या झोपडीशी गेला.

"बाई, तुझं सगळं देणं आणलंय. कशात ओतू?"

तिने मुलीची वाटी दारात ठेवली.

मुकादम ओतत राहिला. वाटी भरली, दार भरले, पोते रिकामे झाले. देणे फिटले.